मिक्सरवर आवाज फाटतोय? मास्टर सोडा, आधी गेन बघा

भजन असो, कीर्तन असो, सोसायटीचा गणपती नाहीतर शाळेचं गॅदरिंग, माईकचा आवाज फाटायला लागला की मिक्सरवर बसलेला माणूस पहिला मास्टर (सगळ्या माईकचा मिळून शेवटचा आवाज) खाली ओढतो. मग होतं काय, आवाज बारीक होतो पण फाटका तो फाटकाच, आणि मागच्या रांगेतून कोणीतरी हात वर करून "आवाज येत नाहीये" म्हणतं की परत मास्टर वर. हे रात्रभर चालतं. खरं दुखणं बहुतेक वेळा चॅनलच्या (एका माईकच्या नॉबांची उभी रांग) सगळ्यात वरच्या त्या नॉबमध्ये असतं, कुठे गेन लिहिलेलं असतं कुठे ट्रिम, आणि तो कार्यक्रमाच्या आधी नीट लावला ना तर अर्ध्याहून जास्त कटकट तिथेच संपते.

मी इथे छोट्या ॲनालॉग मिक्सरबद्दल लिहितोय, आठ-बारा चॅनलचे, यामाहा एमजी, बेहरिंगर झेनिक्स, मॅकी वगैरे, जे मंडळांकडे आणि देवळात पडलेले असतात. डिजिटलचं शेवटाकडे थोडं आहे.

आधी गेन करतो काय ते समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं पाठांतर होईल. साधा गायनाचा डायनॅमिक माईक बोलताना एक-दोन मिलिव्होल्ट देतो, तोंडाला लावून जोरात ओरडलं तर वीस-तीस मिलिव्होल्टपर्यंत जातो. मिक्सरच्या आतलं काम चालतं साधारण एक व्होल्टच्या आसपास (लाईन लेव्हल म्हणतात ती १.२३ व्होल्टची). म्हणजे शेकडो पट वाढवायचंय, आणि ते काम गेनच्या नॉबमागचा प्रीॲम्प करतो. आता त्या प्रीॲम्पला पण त्याच्या पॉवर सप्लायची मर्यादा आहे, तुम्ही जास्त वाढवायला सांगितलं तर तो तेवढं देऊच शकत नाही, मग आवाजाच्या लाटेचा वरचा आणि खालचा शेंडा सपाट कापला जातो. तो कापलेला शेंडा म्हणजेच आपल्याला ऐकू येणारा फाटका आवाज. फेडर (चॅनलच्या तळाची सरकपट्टी), मास्टर हे सगळे त्याच्या नंतर येतात, त्यांच्याकडे कापलेलाच माल पोचतो. करपलेलं दूध नंतर गॅस बारीक केला म्हणून चांगलं होत नाही, तसंच.

उलटी गंमत पण असते. काही जण घाबरून गेन अगदी कमी ठेवतात आणि मग फेडर टोकाला, मास्टर टोकाला, ॲम्प्लिफायर फुल. आवाज येतो पण त्याच्यासोबत सुस्स्स असा सतत आवाज, आणि महाराज बोलायचे थांबले की तो जास्तच ऐकू येतो. त्यामुळे गेन कमी म्हणजे सेफ असं काही नसतं.

आता लावायचा कसा. माईकची वायर जोडायच्या आधी सगळे गेन डावीकडे पूर्ण बंद, सगळे फेडर खाली, मास्टर खाली, ऑक्स (स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरला किंवा इफेक्टला आवाज पाठवणारे नॉब) बंद, इक्यूचे (बास-ट्रेबलचे) सगळे नॉब मधोमध म्हणजे बारा वाजता, फँटम (मिक्सरमधून माईकला जाणारी वीज) बंद. मिक्सर आधी चालू करायचा, ॲम्प्लिफायर सगळ्यात शेवटी, आणि बंद करताना ॲम्प आधी. हे सगळ्यांना माहीत असतं तरी निम्मे लोक उलटं करतात आणि तो ढप्प आवाज येतो. कंडेन्सर माईक असेल तरच फँटम लावा (४८ व्होल्ट), बहुतेक छोट्या मिक्सरवर फँटमचं एकच बटण सगळ्या माईक चॅनलना मिळून असतं हे लक्षात ठेवा, खाली लॅपटॉपच्या वेळी त्याचं काम पडणार आहे. बोलण्या-गाण्याच्या माईकवर लो कटचं बटण दाबून टाका, यामाहा बेहरिंगरवर ते ८० हर्ट्झला असतं, त्याने स्टेजवरची पावलं, वारा, माईक हाताळल्याची धडधड जाते आणि त्या धडधडीने उगाच खाल्लेली जागा मोकळी होते.

मग एकेक चॅनल घ्या. पीएफएलचं बटण असेल (काहींवर सोलो लिहितात) तर ते दाबा, मग मेन मीटर फक्त त्या एका चॅनलची फेडरच्या आधीची लेव्हल दाखवतो. पीएफएल नसेल तर ॲम्पचा आवाज बंद करा, त्या चॅनलचा फेडर शून्याच्या खुणेवर, मास्टर पण शून्यावर, बाकी सगळे चॅनल खाली, आता मेन मीटरवर जे दिसतंय ते जवळपास त्याच चॅनलचं.

आता माईकवर माणूस पाहिजे, आणि इथे सगळी मेख आहे. "हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री" ही काही लेव्हल नाही. माणूस वीतभर लांबून लाजत लाजत हॅलो म्हणतो, तुम्ही त्याच्यावर गेन लावता, आणि अर्ध्या तासाने तोच माणूस माईक ओठाला चिकटवून "पुंडलिक वरदे" ला जो आवाज काढतो तो त्या हॅलोच्या दसपट असतो. म्हणून टेस्टला तेच म्हणायला लावा, पूर्ण ताकदीने, ज्या अंतरावरून प्रत्यक्षात म्हणणार आहेत तिथूनच. सूत्रसंचालन करणारी ताई असेल तर तिला "जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत" हे वाक्य म्हणायला सांगा, कारण नक्की तिथेच फाटतं. लहान मुलांना तर सांगावंच लागत नाही, माईक हातात आला की ती आधी किंचाळतात, तेवढ्यात गेन लावून घ्या.

ते म्हणत असताना गेन हळूहळू वर न्या. साधं बोलणं-गाणं मीटरवर शून्याच्या आसपास खेळलं पाहिजे, सगळ्यात जोरातला आवाज पिवळ्यात जाऊन, म्हणजे +६ च्या आसपास, परत आला पाहिजे, आणि चॅनलचा लाल पीक लाईट लागता कामा नये. लाल लुकलुकायला लागला की नॉब मागे घ्या, घड्याळाच्या हिशोबात अर्धा-एक तास मागे. आणि तिथून अजून किंचित कमी ठेवा, कारण टेस्टच्या वेळी मंडप रिकामा असतो, समोर पब्लिक आलं की कुठलाही माणूस टेस्टपेक्षा जोरातच बोलतो, हा अगदी ठरलेला नियम आहे.

त्या लाल लाईटबद्दल अजून एक. यामाहा एमजीवर तो प्रत्यक्ष फाटायच्या ३ डेसिबल आधीच लागतो, म्हणजे चुकून एकदा लुकलुकला म्हणून घाबरायचं कारण नाही पण गाण्याच्या प्रत्येक समेला लागत असेल तर कमी करा. तुमच्या मिक्सरवर किती आधी लागतो ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, एकदा बघून ठेवा.

कीर्तनाचं गणित जरा वेगळं आहे आणि ते नीट सांगतो, कारण गेन लावायला यासारखा अवघड कार्यक्रम नाही. एकच माणूस पाच मिनिटं अगदी हळू आवाजात दृष्टांत सांगतो, मध्येच एकदम टिपेला जातो, मागे दहा-वीस टाळकरी, बाजूला पखवाज, पेटी. आता तुम्ही महाराजांच्या आवाजावर गेन लावला, मस्त शून्यावर आलं, आणि मग गजर सुरू झाला की त्याच चॅनलचा लाल लाईट लागतो. तुम्हाला वाटतं महाराज ओरडतायत. नीट बघा, महाराज तर गप्प आहेत, माईकपासून हातभर लांब उभे राहून टाळ्या वाजवतायत. मग लाईट कशाचा लागतोय? मागच्या टाळांचा. टाळाचा आवाज इतका तीक्ष्ण आणि क्षणभराचा असतो की मीटरची काडी वर जायच्या आत तो येऊन गेलेला असतो, मीटर हिरवा दिसतो आणि कानाला मात्र कचकच लागते. म्हणून महाराजांच्या माईकचा गेन लावताना टाळकऱ्यांना पण मागे उभं करून एकदा जोरात वाजवायला लावा. टाळकरी जरा बाजूला आणि माईकच्या पाठीमागच्या दिशेला राहिले तर अजून उत्तम, पण कीर्तनात त्यांना हलवणं आपल्या हातात नसतं हे मलाही माहितीये. टाळांना वेगळा माईक देऊ नका, ते सगळ्या माईकमध्ये फुकट येतात.

पखवाजाचंही तेच. थाप क्षणात येते, मीटर तिची सरासरी दाखवतो. त्यामुळे गायनासारखं शून्यावर आणायचा हट्ट धरू नका, मीटरवर -६ च्या आसपास दिसलं तरी पुष्कळ, बाकीची जागा थापेला सोडा. पखवाजवाल्याला एकट्याला वाजवायला सांगितलं की तो छान नाजूक बोल वाजवून दाखवतो, त्याला सांगा "दादा, शेवटच्या गजराला वाजवता ना तसं वाजवा". कणीक लावलेल्या बाजूचा माईक अगदी पुडीला टेकवला तर गेन अगदी कमी असला तरी लाल लागू शकतो, वीतभर मागे घ्या. पेटीचं मात्र सोपं आहे, तिचा आवाज बऱ्यापैकी एका पातळीत राहतो, शून्यावर लावून सोडून द्या.

गेन पूर्ण डावीकडे आहे आणि तरी लाल लागतोय, असं झालं तर मिक्सर बिघडलेला नसतो. एकतर लाईन लेव्हलची वस्तू तुम्ही माईकच्या सॉकेटमध्ये घातलीये किंवा पॅडचं बटण दाबायचं राहिलंय. एमजीवर पॅड २६ डेसिबल कमी करतो. पॅड दाबला की गेन परत पहिल्यापासून लावा.

वायरलेस माईकमध्ये गेनच्या तीन जागा असतात आणि लोक फक्त तिसरी बघतात. पहिली ट्रान्समीटरमध्ये, म्हणजे कमरेला लावतात त्या डबीत नाहीतर हातातल्या माईकच्या पोटात, सेन्सिटिव्हिटी किंवा गेन नावाचं काहीतरी असतं. दुसरी रिसीव्हरचा आउटपुट, तिसरी मिक्सर. पहिल्या ठिकाणी फाटलं तर मिक्सरवर सगळं हिरवंगार दिसेल आणि आवाज मात्र चिरलेला. रिसीव्हरवर ऑडिओ पीकचा लाईट असतो तो बघा, त्यावर आधी डबीचा गेन लावा. रिसीव्हरच्या मागे माईक आणि लाईन असं बटण असेल तर ते लाईनला ठेवून माईक इनपुटला जोडलेलं मी अनेक मंडपात बघितलंय, तिथे पण फाटतं. आणि सेल उतरलेला असला तर आवाज तुटक, घोगरा येतो, त्याला कुठलाही नॉब फिरवून उपयोग नाही. नवीन सेल टाका.

आता लॅपटॉप आणि मोबाईल. गॅदरिंगचे निम्मे डान्स यावर असतात. ट्रॅक आधीच पूर्ण लेव्हलला बनवलेला असतो, त्यात चढउतार कमी, त्यामुळे तो स्टिरिओ लाईन चॅनलवर घ्या, माईकच्या सॉकेटमध्ये घालू नका. मोबाईलचा व्हॉल्यूम ऐंशी टक्क्यांच्या आसपास ठेवा, लॅपटॉपमधला बास बूस्ट, एन्हान्समेंट असलं सगळं बंद, कारण फाटायला तिथूनच सुरुवात होते. आणि ती बाजारात मिळणारी एका टोकाला बारीक पिन दुसऱ्या टोकाला एक एक्सएलआर (माईकचा तीन पिनांचा गोल कनेक्टर) अशी वायर आहे ना, ती टाळा. त्यात डावा आवाज एका तारेवर आणि उजवा दुसऱ्या तारेवर जातो आणि माईक इनपुट त्या दोघांची वजाबाकी करतो. गाणाऱ्याचा आवाज दोन्हीकडे सारखाच असतो, वजाबाकीत तो गायब! म्युझिक थोडं विचित्र ऐकू येतं आणि गाणं गेलं कुठे म्हणून सगळे लॅपटॉपवाल्या पोराकडे बघतात. वर त्या सॉकेटला फँटम चालू असेल तर लॅपटॉपच्या हेडफोन जॅकवर नको तो व्होल्टेज. साधी वाय वायर घ्या, बारीक स्टिरिओ पिन एका बाजूला, दोन जाड्या पिना दुसऱ्या बाजूला, किंवा डीआय बॉक्स (लाईनचा आवाज माईकच्या सॉकेटला चालेल असा करणारी डबी), विषय मिटला.

गेन लागला की फेडर शून्याच्या खुणेपाशी आणा. शून्यापाशी बोटभर फेडर हलला तर थोडासाच फरक पडतो, तळाशी तेवढंच हलवलं तर आवाज एकदम जातो नाहीतर एकदम येतो. ज्याचे सगळे फेडर तळाशी चिकटलेले असतात त्याचा गेन जास्त आहे किंवा ॲम्प फार वर आहे हे लांबूनच कळतं.

इक्यूने पण फाटतं बरं का. बासचा नॉब पूर्ण उजवीकडे म्हणजे बहुतेक मिक्सरवर +१५ डेसिबल, एवढी जागा तुम्ही ठेवलेलीच नव्हती. पखवाजाला बास पाहिजे म्हणून वाढवला की गेन परत तपासा. शक्यतो जे खटकतंय ते कमी करा. आणि एको! आपल्याकडे एकोशिवाय कार्यक्रम होत नाही. मूळ आवाज स्वच्छ आणि मागून येणारा एको तेवढा खरखरीत असेल तर इफेक्टचा सेंड (तिकडे पाठवलेला आवाज) जास्त आहे, इफेक्टचा स्वतःचा क्लिप लाईट (फाटल्याचा लाल लाईट) असेल तर तो बघून सेंड कमी करा.

सगळे चॅनल एकेकटे छान आणि एकत्र वाजले की मेन मीटर लाल, हे पण होतं, कारण आवाजांची बेरीज होते. साधारण सारख्या पातळीचे दोन वेगळे आवाज मिळाले की ३ डेसिबल वाढतात, चार झाले की ६, आठ झाले की ९. अशा वेळी मास्टर खाली घेऊन आवाज स्वच्छ नाही झाला तर समजायचं की बेरजेच्या ठिकाणीच कापलं गेलंय, ते मास्टर फेडरच्या आधी असतं. सगळ्या चॅनलचे फेडर सारखे थोडे थोडे खाली घ्या आणि जे माईक वापरात नाहीत ते म्यूट करा.

मिक्सर हिरवा, तरी बाहेर फाटतंय? मग ॲम्पकडे बघा. मिक्सरचा आउटपुट मिक्सिंग ॲम्प्लिफायरच्या माईक इनपुटला घातलाय का ते बघा, ॲक्टिव्ह स्पीकरच्या (ज्याच्या आतच ॲम्प असतो) मागे माईक-लाईन बटण माईकला आहे का ते पण. दोन्हीकडे लाईन इनपुट पाहिजे, ॲम्पवर त्याला कुठे ऑक्स लिहितात. ॲम्पवर क्लिपचा लाल लाईट सतत लागत असेल तर तिथून पुढे जाऊ नका, हॉर्नचं युनिट जळतं, आणि त्याचं बिल नेहमी साउंडवाल्याच्या नावावर फाटतं. ॲम्प लावायची पद्धत अशी: मिक्सरवर गाणं लावून मीटर शून्यावर आणा, मग ॲम्प बंदपासून हळूहळू वाढवा आणि जेवढा आवाज जागेला पाहिजे तेवढा आला की थांबा. पोलिसांच्या मीटरवरचा डेसिबल आणि मिक्सरवरचा डेसिबल यांचा काही संबंध नाही, हे मंडळाच्या अध्यक्षांना समजावता आलं तर बघा. रहिवासी भागात नियमाने दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ते हवेतल्या आवाजाचे, तुमच्या मीटरवर शून्य म्हणजे शांतता नव्हे.

कुठे फाटतंय ते शोधायचा शॉर्टकट हेडफोन आहे, आणि साउंडच्या पेटीत चांगला बंद कानाचा हेडफोन नसेल तर एक माईक कमी घ्या पण तो घ्या. पीएफएल दाबून ऐका. तिथेच फाटतोय तर गडबड माईक, वायर, वायरलेस, गेन किंवा इक्यूमध्ये. पीएफएल स्वच्छ पण मेन मिक्स ऐकलं की फाटका, तर इफेक्ट किंवा बेरीज. हेडफोनमध्ये सगळंच स्वच्छ तर पुढे ॲम्प, स्पीकर, त्यांच्या वायरी. फक्त हेडफोनचा व्हॉल्यूम फुल करून ऐकू नका, मग तो स्वतःच फाटतो आणि तुम्ही भलतीकडे शोधत बसता.

कार्यक्रम सुरू झाल्यावर आवाज कमीजास्त फेडरने करायचा, गेनला हात लावायचा नाही. गेन वाढवला की त्याच चॅनलवरून मॉनिटरला जाणारा आवाज पण वाढतो आणि स्टेजवर शिट्टी वाजते. फाटतच असेल आणि गेन कमी करावाच लागला तर दोन वाक्यांच्या मधे, थोडा थोडा करा, फेडर तेवढाच वर घ्या, म्हणजे मंडपात फरक कळत नाही. मॉनिटरचा सेंड फेडरच्या आधीचा असेल तर स्टेजवरच्यांना मात्र कमी ऐकू येईल, त्यांचा ऑक्स जरा वाढवा.

रेकॉर्डिंग किंवा लाईव्ह असेल तर तिथे पुन्हा हेच सगळं. मंडपात स्वच्छ आणि यूट्यूबवर फाटका, याचं कारण बहुतेक वेळा मिक्सरचा लाईन आउट कॅमेऱ्याच्या माईक इनपुटला घातलेला असतो. कॅमेऱ्यात लाईनची सोय असेल तर ती निवडा, नसेल तर वायरमध्ये लेव्हल कमी करणारा पॅड घाला, आणि ऑटो लेव्हल बंद. डिजिटलमध्ये शून्य म्हणजे छप्पर, त्याच्या वर काहीच नाही, ॲनालॉगच्या सवयीने मीटर शून्यावर खेळवू नका. सरासरी -१८ च्या आसपास, जोरातला आवाज -१० ते -६ पर्यंत, बस. बेहरिंगर एक्स ३२ सारख्या डिजिटल मिक्सरच्या चॅनल मीटरला पण हाच हिशोब, -१८ म्हणजे तुमचा जुना शून्य.

सगळं लागलं की मोबाईलवर मिक्सरचा वरून एक फोटो काढून ठेवा, कोणीतरी पोरगं नॉब फिरवून जातंच. सप्ताह असेल तर पेटी-पखवाजाचे गेन तसेच राहू देत पण कीर्तनकार रोज वेगळे, त्यामुळे महाराजांच्या चॅनलचा गेन रोज नव्याने लावायचा. त्यांना माईक टेस्ट करा म्हणायची कोणाची हिंमत नसते ते ठीक आहे. सुरुवातीला "जय जय रामकृष्ण हरी" होतं तेव्हा सगळे मोकळ्या गळ्याने म्हणतात, टाळ-पखवाज पण चालू असतात, तेवढ्यात पीएफएल दाबून लाल लाईट बघा आणि अभंग सुरू व्हायच्या आत काय कमीजास्त करायचं ते उरकून घ्या.